दिनकर गंगाधर केळकर

दिनकर गंगाधर केळकर ऊर्फ काकासाहेब केळकर (१० जानेवारी १८९६ – १७ एप्रिल १९९०) हे मराठी कवी, संपादक आणि जुन्या वस्तूंचे संग्राहक होते. त्यांनी ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने काव्यलेखन केले. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय त्यांच्या संग्रहातून उभे राहिले. कोरीव दरवाजे, खांब, पेटारे, दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, स्वयंपाकघरातील भांडी आणि मुलांची खेळणी अशा वीस हजारांहून अधिक वस्तू या संग्रहात आहेत. एका व्यक्तीने आपल्या हयातीत जमवलेला घरगुती वस्तूंचा एवढा मोठा संग्रह भारतात क्वचितच आढळतो. साहित्यिक आणि राजकारणी नरसिंह चिंतामण केळकर हे वेगळे. आडनाव आणि शहर एकच असल्याने या दोघांची गल्लत होते.

कविता आणि चरितार्थ

केळकरांची पहिली ओळख कवी म्हणून झाली. १९२०च्या दशकात पुणे हे मराठी कवितेचे गजबजलेले केंद्र होते. रविकिरण मंडळाची स्थापना १९२३ साली तेथेच झाली आणि काव्यगायनाच्या बैठकांना श्रोत्यांची गर्दी होऊ लागली. केळकर या मंडळाचे सदस्य नव्हते, पण त्याच काळात आणि त्याच वातावरणात ते लिहीत होते. ‘अज्ञातनाद’ हा त्यांचा काव्यसंग्रह. त्यांच्या कवितेचा एक ओढा इतिहासाकडे होता.

संपादक म्हणून त्यांनी केलेले काम त्यांच्या स्वतःच्या कवितेपेक्षा अधिक टिकले, असे म्हणता येईल. भास्कर रामचंद्र तांबे यांची कविता ग्वाल्हेरसारख्या दूरच्या संस्थानात लिहिली जात होती आणि ती महाराष्ट्रातील वाचकांपर्यंत उशिरा पोहोचली. तांब्यांच्या कवितांचा पहिला भाग १९२० साली वा. गो. मायदेव यांनी प्रसिद्ध केला आणि दुसरा भाग १९२७ साली अज्ञातवासींनी संपादित केला. ‘महाराष्ट्र शारदा’ हे त्यांनी संपादित केलेले काव्यसंकलन आहे. विखुरलेले शोधणे, निवडणे आणि एकत्र मांडणे हा संपादकाचा स्वभाव त्यांच्या पुढच्या आयुष्यातही दिसतो; फरक एवढाच की कवितांची जागा वस्तूंनी घेतली.

चरितार्थासाठी केळकर पुण्यात घरचा चष्म्यांचा व्यवसाय सांभाळत. संस्थानिकाचा खजिना किंवा गिरणीमालकाची मिळकत त्यांच्यापाठी नव्हती. त्यांच्या संग्रहाचे मोल ठरवताना ही गोष्ट विसरून चालत नाही. त्या काळातील मोठे संग्राहक बहुधा राजे, सरदार किंवा धनाढ्य व्यापारी असत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी किंवा मुंबईचे सर रतन टाटा यांना चित्रे आणि शिल्पे विकत घेण्यासाठी जी मोकळीक होती, ती दुकानाच्या गल्ल्यावर अवलंबून असलेल्या माणसाला नव्हती.

संग्रहाचा आरंभ

वस्तू जमवण्याचा आरंभ सुमारे १९२० साली झाला. पुण्यात त्या वेळी इतिहास म्हणजे प्रामुख्याने कागद असे समीकरण होते. वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केल्यापासून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे, बखरी आणि सनदा शोधण्याचे काम जोमाने चालू होते. त्या दप्तरांवर संशोधकांची नजर होती. दप्तर ज्या पेटाऱ्यात ठेवले होते त्या पेटाऱ्याकडे, ते वाचण्यासाठी लावलेल्या समईकडे किंवा ज्या दौतीतल्या शाईने ते लिहिले त्या दौतीकडे फारसे कोणी पाहत नव्हते.

केळकरांनीही सुरुवात जुन्या शस्त्रांसारख्या ऐतिहासिक वस्तूंपासून केली. तलवारी, कट्यारी आणि ढाली यांना पराक्रमाचे वलय होते, आणि इतिहासावर प्रेम करणाऱ्या कवीला त्यांची ओढ वाटणे स्वाभाविकच होते. पुढे मात्र त्यांचे लक्ष रोजच्या वापरातील वस्तूंकडे वळले. पान खाण्याचे साहित्य, देवघरातील उपकरणी, फण्या, किसण्या, कुलुपे, वज्री, बाहुल्या या वस्तूंची त्या काळी बाजारात पुराणवस्तू म्हणून गणनाच होत नसे. त्या स्वस्त होत्या आणि म्हणूनच बेतास बात मिळकतीच्या संग्राहकाच्या आवाक्यात होत्या. केळकरांच्या आवडीला त्यांच्या परिस्थितीने अशी एक वाट आखून दिली आणि त्या वाटेवर त्यांना स्पर्धक जवळजवळ नव्हते.

यासाठी त्यांनी सुमारे सहा दशके भारतभर प्रवास केला. महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेतील प्रांतांतूनही वस्तू आल्या. पत्नी कमलाबाई यांचा या कामात बरोबरीचा वाटा होता. वस्तू विकत घेण्यासाठी त्यांनी आपले दागिनेही दिले, असे सांगितले जाते. बायकांच्या वापरातील वस्तू, म्हणजे चोळ्या, कुंच्या, फणीपेट्या, स्वयंपाकाची साधने, या संग्रहात एवढ्या प्रमाणात आहेत. माजघर आणि स्वयंपाकघर यांना येथे दिवाणखान्याइतकीच जागा मिळाली आहे.

राजाचा मृत्यू

केळकर दांपत्याचा मुलगा राजा बालवयातच वारला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी आपल्या संग्रहाला त्याचे नाव दिले. संग्रहालयाच्या आजच्या नावातील ‘राजा’ ही पदवी नाही. ते या मुलाचे नाव आहे. नाव नव्याने ऐकणाऱ्याला हे एखाद्या संस्थानिकाचे संग्रहालय असावे असे वाटते, आणि तो समज आजही आढळतो.

या दुःखाचा संग्रहावर नेमका काय परिणाम झाला, हे वस्तूंवरूनच ताडावे लागते. पाळणे, कुंच्या, लाकडी व पितळी खेळणी, भातुकलीची भांडी, सोंगट्यांचे पट अशा मुलांच्या जगातील वस्तू येथे आस्थेने जपल्या आहेत. हौस म्हणून सुरू झालेला हा उद्योग मुलाच्या नावाशी जोडला गेल्यावर तो मोडणे किंवा विकून टाकणे शक्य राहिले नाही. अनेक खासगी संग्रह संग्राहकाच्या गरजेपोटी किंवा त्याच्या मृत्यूनंतर लिलावात फुटतात. हा संग्रह फुटला नाही.

लाकूडकाम आणि घरातील सामान

संग्रहातील लाकडी कोरीवकाम हा त्याचा सर्वांत लक्षवेधी भाग आहे. त्याचे महत्त्व समजण्यासाठी जुन्या मराठी घराची रचना लक्षात घ्यावी लागते. युरोपात किंवा अमेरिकेत घरातील सामान म्हटले की खुर्च्या, मेजे, कपाटे आणि पलंग डोळ्यांपुढे येतात. एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या मराठी वाड्यात माणसे जमिनीवर बसत, जमिनीवर जेवत आणि बहुधा जमिनीवरच झोपत. त्यामुळे हलवता येण्याजोगे लाकडी सामान थोडे असे: पाट, चौरंग, देव्हारा, पाळणा, झोपाळा, कारकुनाचे बैठे मेज आणि पेटारे. कपाटाचे काम भिंतीतले फडताळ करी, दिव्याची जागा दिवळीत असे, कपडे खुंटीवर टांगले जात. सुताराचे सगळे कसब मग घराच्या अंगावरच खर्च होई. दाराच्या चौकटीवरची गणेशपट्टी, सुरूच्या झाडाच्या आकाराचे सागवानी खांब, त्यांच्यामधल्या महिरपी, महिरपीतून लोंबणारी केळफुले आणि वरची तक्तपोशी हेच त्या घराचे खरे सामान होते.

म्हणूनच अशा घराचा संग्रह करणे हे खुर्च्या-कपाटांच्या संग्रहापेक्षा कठीण असते. खुर्ची उचलून नेता येते. खांब आणि चौकट मिळवायची तर घर मोडावे लागते, किंवा कोणीतरी ते मोडत असताना तेथे हजर असावे लागते. केळकरांनी मिळवलेले दरवाजे, खिडक्या, खांब आणि महिरपी अशा मोडलेल्या वास्तूंचे अवशेष आहेत. गुजरातमधील दाट नक्षीची दारे आणि मराठी वाड्यांची तुलनेने संयत चौकट जवळजवळ ठेवून पाहता येतात, हा या संग्रहाचा विशेष. गुजरातच्या सुताराने दाराचा एकही भाग रिकामा सोडलेला नसतो. मराठी सुतार बहुधा चौकटीवर आणि महिरपीवर हात चालवतो आणि फळी साधी ठेवून तिच्यावर लोखंडी किंवा पितळी फुल्या ठोकतो.

यातील सर्वांत प्रसिद्ध भाग मस्तानी महाल या नावाने ओळखला जातो. पहिल्या बाजीराव पेशव्याने मस्तानीसाठी १७३४च्या सुमारास कोथरूड येथे निवासस्थान बांधले होते. ती वास्तू कालांतराने मोडली. तिचे लाकडी अवशेष केळकरांनी मिळवले आणि संग्रहालयात ते जोडून एक दालन उभे केले. खांब, महिरपी आणि छत यांच्यामुळे पेशवेकालीन दिवाणखान्याची उंची, प्रमाण आणि अंधार-उजेड यांची कल्पना येथे येते. सुटा खांब भिंतीला टेकवून ठेवला असता तर ती आली नसती. अर्थात पुन्हा जुळवलेली कोणतीही वास्तू मूळ वास्तूची जागा घेत नाही. अवशेषांची मांडणी आणि आतील साहित्य यांत जुळवणाऱ्याची निवड मिसळलेली असतेच.

अख्खी खोली संग्रहालयात उभी करण्याची ही पद्धत त्याच काळात अमेरिकेत जोरात होती. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९२४ साली अमेरिकन घरांच्या खोल्यांचे स्वतंत्र दालन उघडले. डेलावेअर राज्यातील हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट (१८८०–१९६९) यांनी १९२३च्या सुमारास जुने अमेरिकन सामान जमवण्यास सुरुवात केली. क्वीन ॲन, चिपेंडेल आणि फेडरल अशा शैलींच्या खुर्च्या, मेजे आणि कपाटे त्यांनी जमवली. मोडल्या जाणाऱ्या घरांचे फळीकाम, दारे आणि शेकोट्या आणून आपल्या विंटरथर येथील हवेलीत एकेक खोली सजवली आणि १९५१ साली ती हवेली संग्रहालय म्हणून लोकांना खुली केली. दोघांनी एकाच दशकात काम सुरू केले, दोघांनीही राहते घर संग्रहासाठी वापरले, आणि दोघांनाही आपल्या देशातील जुने घर डोळ्यांदेखत नाहीसे होताना दिसत होते. साम्य येथे संपते. ड्यू पाँट हे अमेरिकेतील अतिश्रीमंत घराण्याचे वारस होते आणि त्यांच्या हवेलीत शंभराहून अधिक खोल्या होत्या. केळकरांच्या दालनांची अडचण शेवटपर्यंत जागेचीच राहिली.

भारतीय लाकूडकाम आणि अमेरिका यांचा संबंध त्याआधीच आला होता, तो मात्र उलट दिशेने. लॉकवुड डी फॉरेस्ट या अमेरिकन सजावटकाराने १८८०च्या दशकात अहमदाबादच्या हठीसिंग घराण्याच्या साहाय्याने कोरीवकामाचा कारखाना चालवला आणि तेथील नक्षीकाम अमेरिकेतील श्रीमंतांच्या घरांत बसवले. मुंबईतही एकोणिसाव्या शतकात युरोपीय घाटाच्या खुर्च्या-कोचांवर भारतीय वेलबुट्टी कोरलेले शिसवी सामान बनत असे आणि परदेशी जात असे. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाला भारतीय कोरीवकामाची किंमत कळली होती. पुण्यातल्या वाड्याच्या मालकाला मात्र आपली चौकट जळाऊ लाकडाच्या भावाने विकण्यात फारसे वावगे वाटत नव्हते.

घरे मोडण्याचा काळ

केळकरांच्या कामाचा बहुतेक काळ हा मराठी वाडासंस्कृतीच्या उतरणीचा काळ होता. मोठी घराणी शहरात येऊन लहान बिऱ्हाडांत विखुरली. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातील पुष्कळ वाडे त्यांतील सामानासह भस्मसात झाले. इनामे आणि वतने संपली, कूळकायद्याने जमिनी गेल्या, आणि वाड्याची डागडुजी करण्याइतके उत्पन्न राहिले नाही. पुण्यात भाडेनियंत्रणामुळे मालकाला वाडा राखण्यापेक्षा पाडणे सोयीचे झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील असंख्य जुनी घरे कोसळली. त्यानंतर सिमेंटच्या इमारती उभ्या राहू लागल्या.

धातूच्या वस्तूंवर वेगळे संकट होते. जुने पितळ आणि तांबे मोडीत घालून नवी भांडी घेणे ही प्रत्येक घरातील रीत होती. मोडीचा भाव वजनावर ठरतो. दिव्यावर हत्ती आहे की मोर, हे तराजूला कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात धातूंचे भाव चढले आणि ही मोड वाढली. पुढे स्टेनलेस स्टील आले तेव्हा तर पितळी डबे, घंगाळी आणि समया यांची घराघरातून रवानगी झाली. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तू वारसांनी जपल्या असत्या. सोऱ्या, वज्री आणि लामणदिवा जपण्याचे कोणाच्या मनात आले नाही, कारण त्यांत जपण्यासारखे काही आहे असे कोणी म्हटलेच नव्हते.

दिवे, अडकित्ते आणि इतर

दिव्यांचा संग्रह केळकरांच्या विशेष आवडीचा होता. समई, निरांजन, पंचारती, साखळीने टांगायचा लामणदिवा, हातात पणती धरलेली दीपलक्ष्मी आणि भिंतीला लावायचे दिवे असे नाना प्रकार त्यांत आहेत. या विषयावर त्यांनी ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. ते भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ साली प्रसिद्ध केले. संग्राहक म्हणून त्यांनी केवळ वस्तू गोळा केल्या, या समजाला हे पुस्तक छेद देते.

अडकित्त्यांचे दालन पाहणाऱ्यांना हमखास आठवते. सुपारी कातरण्याचे हे साधे अवजार पोपट, घोडा, स्त्री-पुरुषांची जोडी अशा आकारांत घडवले जाई आणि पाते उघडले की आकृतीही उघडे. पानाचे डबे, चुनाळी आणि तबके त्यांच्या शेजारी आहेत. पायाच्या टाचा घासण्याच्या वज्रीची खालची बाजू खरखरीत असते आणि वरच्या मुठीवर हत्ती, पक्षी किंवा माणसे विराजमान असतात. न्हाणीघरात वापरायच्या वस्तूवर कारागिराने एवढी मेहनत का घेतली असावी, याचे उत्तर त्या वस्तूच्या रोजच्या वापरातच आहे: जी वस्तू दिवसातून एकदा हातात येते ती सुंदर असावी अशी अपेक्षा होती.

याशिवाय पैठण शैलीची चित्रकथीची चित्रे, आंध्रातील चामड्याच्या बाहुल्या, वाद्ये, वस्त्रे, लेखनसाहित्य आणि गंजिफा हे संग्रहाचे इतर भाग आहेत.

वस्तूंचे मूळ आणि नोंदी

व्यापाऱ्याकडून किंवा भंगारातून आलेल्या वस्तूचे मूळ घर, कारागीर आणि काळ निश्चित करणे अवघड असते. आपला पुरवठा कोठून होतो हे व्यापारी सहसा सांगत नाहीत. घरगुती वस्तूंवर तारीख किंवा कारागिराचे नाव क्वचितच असते. त्यामुळे अशा संग्रहातील वस्तूंचा काळ बहुधा शैलीवरून ठरवला जातो आणि तो अंदाजाच्या पातळीवर राहतो. खासगी संग्रहातून उभ्या राहिलेल्या कोणत्याही संग्रहालयाला ही मर्यादा लागू होते. जी वस्तू वितळवलीच जाणार होती, तिच्या बाबतीत मात्र अपुरी नोंद आणि संपूर्ण नाश यांतूनच निवड करायची होती.

संग्रहालय आणि अखेरची वर्षे

१९६० पर्यंत संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे १५,००० झाली होती. १९६२ साली संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली. बाजीराव रस्त्याजवळच्या नातूबागेतील केळकरांच्या निवासस्थानीच ते वाढत गेले.

१९७५ साली केळकरांनी हा संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाला देणगी म्हणून दिला. या निर्णयाची वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची निर्यात आणि व्यापार यांवर बंधने घालणारा पुरावशेष व कलानिधी कायदा १९७२ साली संमत झाला आणि १९७६ साली अंमलात आला. भारतीय दारे, मूर्ती आणि पितळी वस्तूंना परदेशी बाजारात तोवर चांगला भाव येऊ लागला होता. अर्धशतकापूर्वी ज्या वस्तूंना गिऱ्हाईक नव्हते, त्यांची किंमत देणगीच्या वेळी बरीच मोठी झाली होती. ती विकून वृद्धापकाळ सुखात घालवणे केळकरांना शक्य होते. त्यांनी एकही वस्तू वेगळी न काढता मुलाच्या नावाचा संग्रह एकसंध राहील अशी व्यवस्था केली. देणगीनंतरही ते त्यात लक्ष घालत राहिले.

केळकरांचे १७ एप्रिल १९९० रोजी वयाच्या ९४व्या वर्षी निधन झाले. जागेअभावी वीस हजारांवर वस्तूंपैकी सुमारे २,५०० वस्तूच दालनांत मांडलेल्या असतात. उरलेल्या साठवणीत आहेत.